शिवण नसलेली पिशवी

रविवारी सकाळी आई समुद्रावर निघाली, तेव्हा नेहमीप्रमाणे मापाची टेप तिच्या गळ्यातच होती. कुणाचा फ्रॉक बेतायचा असो की वाळूवरचा कचरा उचलायचा असो, टेप गळ्यात नसली तर आपण काहीतरी घालायचं विसरलोय असं तिला वाटे.

"समुद्राचं माप घेणार आहेस का?" जिना उतरता उतरता लेकीने विचारलं.

"त्याचं कोण घेणार बाई! तिथे गेलं की आपलं माप कळतं, तेवढं पुरे," आई म्हणाली, आणि रिकामी बादली लेकीच्या हातात कोंबून पुढे झाली.

उभा जन्म आईने मोठ्या शहरातल्या एका अंधाऱ्या गाळ्यात लोकांचे कपडे शिवण्यात काढला. डोळे थकले, नवे कपडे शिवणं झेपेना, तेव्हा तिने मशीन उचललं आणि थेट समुद्राकाठच्या या गावात येऊन राहिली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, पुढे खिडकी, मागे गॅलरी. कामं किरकोळच. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल. "हातपाय चालताहेत तोवर समुद्राचा शेजार करून घेते," असं ती सगळ्यांना सांगे. लेक शहरातच एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शनिवारी संध्याकाळच्या बसने यायची, रविवारी संध्याकाळच्या बसने परत जायची.

वाळूवर पसरलेल्या हजार गोष्टींतलं काय उचलायचं आणि काय नाही, हे आई शिवणकामाच्या नियमाने ठरवी. वस्तू हातात घ्यायची, उलटीसुलटी करायची आणि कड बघायची. जिला शिवण आहे, सांधा आहे किंवा कापलेली कड आहे, ती माणसाच्या हातची. ती उचलायची. जिला यातलं काहीच नाही ती समुद्राची, आणि ती होती तिथे, होती तशी ठेवायची. बाटलीच्या पोटावरून सांधा जातो. वेफर्सच्या पुडीला पाठीवर शिवण असते. शंखाला नसते, पिसाला नसते, लाटेने घासून आलेल्या ओंडक्याला नसते. वाळलेल्या शेवाळाच्या ढिगाऱ्यावर तर ती पायही ठेवू देत नसे. "खाली संसार आहेत लोकांचे," म्हणे. सगळ्यात मोठा वैरी म्हणजे मासेमारीच्या गळांचा नायलॉनचा दोरा. दोरा जमिनीवर मोकळा सोडायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. असा गुंता सापडला की ती तो समुद्राच्या पाण्यातच बादलीत भिजत घालायची, वाळू खाली बसली की गाठी सोडवायची, आणि मगच त्याचे बोटाएवढे तुकडे करून कचऱ्यात टाकायची. अख्खा दोरा टाकला तर तो पुन्हा कुणाच्या तरी पायात अडकणारच, यावर तिचा ठाम विश्वास होता.

त्या दिवशी वाळूवर एक कुटुंब सतरंजी टाकून बसलं होतं. भोवती पुड्या, पेले, बाटल्या. आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि चिंध्या जोडून शिवलेली एक पिशवी पुढे केली.

"घ्या. फुकट आहे."

"कशाला हो, मावशी?" बाप्याने विचारलं.

"येताना भरलेलं आणलंत ना? मग रिकामं झालं म्हणून काय ते पोरकं झालं? घरी न्या की त्याला."

बाप्या हसला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हसणं थांबवून पुड्या गोळा करू लागला. शेजारी एक छोटी मुलगी फ्रॉकच्या ओच्यात शंख भरत होती.

"आणि तू गं राणी? हे कुणाला विचारून घेतलेस?"

"कुणालाच नाही."

"मग विचार त्याला. हो म्हणाला तर ने."

मुलगी खरंच पाण्यापर्यंत गेली आणि तोंडासमोर हात धरून काहीतरी विचारून आली. "तो काहीच बोलत नाही," ती हिरमुसून म्हणाली.

"मोठी माणसं पटकन हो म्हणत नाहीत," आई म्हणाली. "आज नुसतं बघून ठेव. पुढच्या वेळी पुन्हा विचार."

लेक हे सगळं कठड्यावर बसून ऐकत होती. समुद्रावर तिची जागा ती. दगडी कठडा, मांडीवर पुस्तक, पाय वाळूपासून वर. पुस्तक ती वाचत नसे असं नाही. पण ते मांडीवर असायचं कारण निराळं होतं. लेकीला पाण्याची भीती वाटे. लहानपणी बुडाली, घसरली, असं काही झालं नव्हतं. काही झालं नव्हतं म्हणून सांगण्यासारखंही काही नव्हतं. नुसती लाट मागे सरताना पायाखालची वाळू ओढून नेते, ते बघूनच ती पाय आणखी वर ओढून घेई. आणि ज्या माणसाने म्हातारपणी एकच हौस केली, ती हौस समुद्राची, त्याला हे सांगायचं कसं? आई गुडघाभर पाण्यात उभी राहून हाक मारी, "ये गं! ये ना! पाणी बघ कसं आहे!" आणि लेक पुस्तक वर करून दाखवी. आईने त्याचा अर्थ आपल्यापरीने लावला होता. "माझी लेक अंघोळसुद्धा पुस्तकाला विचारून करते," असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरे.

आज मात्र आई हाक मारून थांबली नाही. हातात एक मोठा गुंता घेऊन ती लगबगीने कठड्याशी आली.

"हे काय आहे सांग."

नायलॉनच्या दोऱ्यांच्या जंजाळात एक चपटी पिशवी अडकली होती. तळहाताएवढी, मधासारख्या तपकिरी रंगाची, रेक्झिनसारखी गुळगुळीत. चारी कोपऱ्यांना चार लांब बंद, वेलीच्या तणाव्यांसारखे गुंडाळलेले.

"पाकीट असेल कुणाचं," लेक म्हणाली.

"पाकीट आहे ते मलाही दिसतंय. पण शिवण कुठाय?" आईने पिशवी उलटी केली, सुलटी केली, कडेवरून नख फिरवलं. "बघ, कुठेच नाही. बंद लावलेत ते सुद्धा अंगातूनच काढलेत. जोड नाही, टाका नाही. अगं, इतकी वर्षं मशीनवर बसले, असं काम नाही पाहिलं."

"मग तुझ्याच नियमाने ती समुद्राची. ठेव तिथेच."

"नियम गेला चुलीत. अशी सफाईदार वस्तू आपोआप होते होय? कुणीतरी बनवलीच आहे. कसं ते मला समजलं पाहिजे." शिवणकामापुढे आईचा नियम असा एका झटक्यात हरला. "चल, बादली भर. घरी जाऊन उसवून बघते."

बादली भरायला पाण्याशी आईच गेली. तिथून घरापर्यंत आणि वर जिन्यापर्यंत ती उचलली लेकीने, वाटेत दोनदा हात बदलून, एकदा चपलेवर सांडून. मागच्या गॅलरीत बादली ठेवली, गुंता पिशवीसकट आत सोडला. मग जेवणं झाली, आईने लेकीच्या सदऱ्याचं ढिलं बटण तिच्या अंगावरच पक्कं केलं, आणि संध्याकाळी बसथांब्यावर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "पुढच्या शनिवारी ये. तोवर सांगते तुला, कसं बनवलंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून मशीनचा आवाज आला नाही, म्हणून खालचे पंक्चरवाले काका जिना चढून गेले. आई मशीनपाशीच होती, डोकं मशीनवर टेकून, गार पडलेली. कुणाच्या तरी पँटची एक बाजू दुमडून झाली होती, दुसरी सुईखाली होती.

सगळं आटोपलं. लेक शहरात परत गेली नाही, खोल्या आवरायला राहिली, आणि सोबतीला मावशी राहिली. आईची ही धाकटी बहीण म्हणजे बोलण्याची टाकी. आई मितभाषी नव्हतीच, पण दोघी बसल्या की आई ऐकणारी. आता मावशी लेकीशी बोले, कपाटाशी बोले, खालून वर आलेल्या मांजराशी बोले. लेक घड्या घालत राही. गिऱ्हाइकं येत, दारात उभी राहत, खाली मान घालून आपले कपडे नेत. लेक प्रत्येकाला "पाणी घेणार का?" एवढंच विचारी.

"किती खंबीर आहेस गं," मावशी म्हणे. "मला बघ, नळासारखं चाललंय." लेक पुढचा कपडा घडीला घेई.

आठवडा सरत आला तेव्हा मावशी मागच्या गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, ही बादली कसली? वास यायला लागलाय. तुझ्या आईने समुद्र भिजत घातलाय की काय?"

लेक धावलीच. बादलीचं ती साफ विसरली होती. तिने ठेवली होती गॅलरीच्या कठड्याजवळ, उन्हात. आता ती पार कोपऱ्यात, सावलीत सरकवलेली होती, आणि वर ओलं करून घातलेलं एक जाड फडकं, वाळून कडक झालेलं. रविवारी संध्याकाळी लेक गेल्यावर आईनेच ते केलं असणार. का केलं, ते विचारायला आता आई नव्हती.

"दे ओतून मोरीत," मावशी म्हणाली.

"थांब. हा गुंता सोडवायचा राहिलाय."

आईचं काम अर्धं टाकून जायचं लेकीच्या जिवावर आलं. ती आईच्या मशीनसमोर बसली, गुंता मांडीवर घेतला, आणि छोट्या कात्रीने एकेक दोरा कापत गेली. पिशवी मोकळी झाली. तिच्या अंगाला अजून ओल होती. लेकीने टाके उसवायचं टोकदार हत्यार हातात घेतलं. आईला शिवण बघायची होती, निदान तेवढं तरी बघून टाकावं. टोक कडेला लावलं. पण उसवायचं कुठून? शिवण दिसेना, म्हणून तिने मशीनचा दिवा लावला आणि पिशवी दिव्यासमोर धरली.

पिशवीत प्रकाश भरला. मधाच्या बाटलीतून ऊन यावं तसा. आणि त्या उजेडात काहीतरी हललं.

लेकीच्या हातातलं हत्यार खाली पडलं.

आत एक जीव होता. बोटाच्या दोन पेरांएवढा, पारदर्शक, एका पिवळ्या गोळ्याला बारीक नाळेने बांधलेला. दोन काळे ठिपके म्हणजे डोळे असावेत. दोऱ्यासारखी शेपटी डावीकडे जाई, उजवीकडे येई, पुन्हा डावीकडे, थकवा म्हणून नाही. तो कुठेही जात नव्हता, तरी पोहत होता. गळ्याखाली एक लाल टिंब उघडझाप करत होतं. त्याचं काळीज बाहेरून दिसतंय, हे लेकीच्या हळूहळू ध्यानात आलं. आईच्या खोलीत, आईच्या दिव्यासमोर, घरातलं सगळं थांबलेलं असताना ते टिंब आपल्या लयीत चाललं होतं.

"मावशी," ती म्हणाली. पिशवी तिने दिव्यासमोर तशीच धरली होती. "इकडे ये. सावकाश ये."

मावशीने वाकून पाहिलं. मग स्टूल ओढलं, बसली, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच त्या खोलीत मावशी असूनही शांतता होती.

"अगं बाई," बऱ्याच वेळाने ती पुटपुटली. "हे तर कामाला लागलंय."

लेकीने दिव्यासमोरच पिशवीचा फोटो काढला, ती झटकन पाण्यात सोडली, आणि कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंना फोटो पाठवून फोन लावला. बाई पुस्तकं वेळेवर परत न करण्याबद्दल प्रसिद्ध होत्या आणि त्याबद्दल लेकीला दबून असत. त्यांनी फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "चिरलं नाहीस ना?"

"नाही."

"देव पावला. अगं, मुशीचं अंडं आहे ते. मुशी म्हणजे छोटा शार्क. किनाऱ्यावर वाहून येतात ती बहुतेक रिकामी असतात, म्हणून लोकांना कचरा वाटतो. हे दोऱ्यात अडकून उपटून आलेलं दिसतंय."

"उपटून म्हणजे?"

"त्याची आई ते शेवाळाला बांधून ठेवते. ते चार बंद दिसताहेत ना, त्यांनी. आणि निघून जाते. पुन्हा फिरकत नाही."

लेकीने बादलीकडे पाहिलं. "मग आतल्याचं कोण बघतं?"

"कुणी नाही. शिदोरी आतच बांधून दिलेली असते, तो पिवळा गोळा. महिनोन् महिने पुरते. संपली की पोर एका टोकाने बाहेर."

"उघडतं कसं? शिवण तर कुठेच नाही."

"शिवण कसली गं? टोकाला फट असते. बाहेरून सापडत नाही. आतूनच उघडते, वेळ झाली की." बाईंनी श्वास घेतला. "आता ऐक. आज ताजं समुद्राचं पाणी आण, सावलीत ठेव. उद्या सकाळी मोठी ओहोटी आहे. खडकांपलीकडे, ओहोटीलाही जिथलं पाणी आटत नाही, तिथे शेवाळात हे त्याच्याच बंदांनी बांध. आपला दोरा वापरू नकोस. आणि काठावरून फेकू नकोस हं, लाट तासाभरात परत आणून वाळूवर टाकेल. उन्हात वाळून मरेल. आत जावं लागेल. कंबरभर तरी."

लेकीने फोन ठेवला. कंबरभर.

आठवडाभर तिला ज्यांनी त्यांनी काय काय विचारलं होतं, मशीन विकणार का, खोल्या सोडणार का, आणि तिला प्रत्येक प्रश्न दूरचा, दुसऱ्याच्या घरातला वाटला होता. हा तसा नव्हता. आईने आयुष्यात एकदाच समुद्राची वस्तू घरी आणली होती, आणि ती जिवंत निघाली. ती आता मेली तर ती आईच्या हातून मेली, असं होणार होतं. हे होऊ द्यायचं नव्हतं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

पंक्चरवाले काका ताजं पाणी घेऊन वर आले, तेव्हा त्यांनाही दिव्यासमोर धरून दाखवलं. काका हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "द्या माझ्याकडे. उद्या धक्क्यावरून नेऊन सोडतो पाण्यात. दोन मिनिटांचं काम."

"सोडून चालणार नाही, काका. बांधायचंय."

"मग बांधणार कोण?"

"मी."

मावशीने डोळे वटारले. "तू? पाण्यात? गेल्या साली पाऊल भिजलं म्हणून दिवसभर तोंड करून बसली होतीस!"

"मी जाणार आहे, मावशी."

"अगं पण..."

"मी जाणार आहे."

सकाळी ती समुद्रावर गेली आणि कठड्याशी थबकली. एवढी ओहोटी तिने कधी पाहिली नव्हती. समुद्र दूर गेला होता, आणि जाताना तळावरचं पांघरूण जणू ओढून घेऊन गेला होता. रोज जिथे लाटा फुटत, तिथे काळे खडक, त्यांच्यावर चिकटलेली कालवं, खाचांत साठलेलं आरशासारखं पाणी, त्यात लाल, हिरवं, तपकिरी शेवाळ आडवं पडलेलं. सगळीकडून बारीक टकटक येत होती, ओल्या जगाने श्वास सोडावा तशी. इतके रविवार ती याच्यासमोर बसली होती, आणि हे सारं त्या पाण्याखाली तिच्यासमोरच होतं.

"टॉवेल घेऊन मी इथे बसलेय," मावशी कठड्यावर ठाण मांडत म्हणाली. "गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर आले असते. काही वाटलं तर ओरड. मी तुझ्याहून मोठ्याने ओरडते."

लेकीने बादली उचलली. शेवाळावर पाय न देता, वाळूच्या पट्ट्यांतून वाट काढत ती खडकांपर्यंत गेली, त्यांच्या कडेने पुढे गेली, आणि पाणी घोट्याला लागलं. मग पोटऱ्यांना. गार. लाट मागे सरली, टाचांखालची वाळू निसटली, आणि तिने बादली दोन्ही हातांनी धरली. ती उभी राहिली. बादलीत पिशवी डुलत होती. आत शेपटी डावीकडे, उजवीकडे.

तुला नाही का रे भीती वाटत, तिने मनात विचारलं. आणि पुढचं पाऊल टाकलं.

गुडघे गेले. इथवर आई येई. यापुढे आईही कधी गेली नव्हती. मांड्या गेल्या. बादली तरंगू लागली, तेव्हा हाताला हलकं वाटलं. कंबरेपाशी पाणी आलं तशी खडकाची एक रुंद कपार समोर आली, तिच्या आडोशाला पाणी संथ होतं. लेकीने एक हात खडकावर ठेवला, श्वास घेतला आणि वाकून आत पाहिलं.

आधी नुसतं शेवाळ दिसलं, जाड देठांचं, हळूहळू डोलणारं. त्यात गळाच्या दोऱ्याचा एक झुपका, आणि वेफर्सची एक पुडी, पाठीवर शिवण असलेली. ती काढून तिने खिशात कोंबली. आईच्या कात्रीने दोरा कापायला घेतला, देठ सांभाळत, एकेक वळसा उलगडत. शेवटचा वेढा सुटला, तसं शेवाळ मोकळं होऊन बाजूला झुललं.

मागे एक पिशवी लटकत होती.

तशीच. मधाच्या रंगाची, चारी बंद देठाला घट्ट गुंडाळलेले. तिच्यापलीकडे दुसरी. मग डोळ्यांना सवय झाली, आणि तिला दिसत गेल्या. तिसरी, त्याखाली दोन, कपारीच्या छतापासून आत अंधारापर्यंत, ओळीने, पुंजक्याने, एकमेकींना टेकून, पाण्याच्या तालावर एकदम डोलणाऱ्या. काही जुन्या, काळपट, एका टोकाने उघड्या, रिकाम्या. काही इतक्या नव्या की सकाळचं तिरपं ऊन त्यांच्या आरपार जात होतं. आणि ऊन जाई त्या प्रत्येकीत काहीतरी हलत होतं. प्रत्येकीत. एकेकटं, कुणी न शिकवता, कुणाची वाट न बघता, शिदोरीला बांधलेलं, पोहण्याचा सराव करणारं.

गावातली माणसं वर सतरंज्या टाकत होती, उचलत होती. आई दर रविवारी हाकेच्या अंतरावर दोरे वेचत होती. तिने वेचलेल्यांतला एखादा दोरा इथवर पोचला असता तर? तिच्यामुळे किती वर्षं, किती दोरे इथवर पोचले नव्हते? लेकीने हिशोब केला नाही. तो करता येण्यासारखा नव्हता.

तिने बादलीतून पिशवी काढली. एक चांगला जाड देठ निवडला. बंद नाजूक होते पण चिवट, आणि त्यांना आपला पीळ आठवत होता. एक वेढा दिला की पुढचा ते स्वतःच घेत. चारी बांधून झाले. तिने हलकेच ओढून पाहिलं, आई बटण ओढून पाही तसं. पक्कं होतं. हात काढून घेतला, आणि क्षणात ती पिशवी इतरांसारखी झाली. आत्ता बांधली ती कोणती, हे तिचं तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात कपारीखालची सावली हलली. हातभर लांबीची, ठिपक्यांच्या अंगाची एक मुशी तळाशी लगटून बाहेर आली, लेकीच्या पोटऱ्यांजवळून, घाई न करता. तिचा डोळा मांजरीसारखा होता. एकदा वळली, आणि उघड्या समुद्राकडे निघून गेली. लेक हलली नाही. हलावंसं वाटलं नाही. पाण्यातून वर येऊन छातीत काहीतरी इतकं मोठं भरलं होतं, की त्यात भीतीला उभं राहायलाही जागा नव्हती.

"झालं का गं?" मावशीचा आवाज आला, वारा कापत. "बांधलंस?"

लेकीने हात वर केला. पण ती वळली नाही. भरती सुरू झाली होती, पाणी कंबरेच्या वर चढत होतं, आणि पायाखालची वाळू जात होती, येत होती. आणि ती मोठ्याने बोलली, कुणी समोर उभं असल्यासारखी, चक्क बोलली.

"आई, तू हाक मारायचीस ना, तेव्हा मला प्रत्येक वेळी यायचं असायचं. मला पाण्याची भीती वाटायची गं. नुसती भीती वाटायची. यायचं होतं मला."